परमिट आजोबांचं, नीती सरकारची: १९४९च्या दारूबंदीने नेमकं काय साधलं?

पागोळी

गिरगावातली जुनी खोली रिकामी करायला घेतलीय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लग्नपत्रिका, गिरणीच्या बोनसच्या पावत्या आणि एक तुटका अडकित्ता यांच्याखाली आजोबांचं दारूचं परमिट सापडलं. घड्यांवर चार तुकडे व्हायच्या बेतात आलेला कागद. वर जांभळा शिक्का, मागे खरेदीच्या नोंदी: तारीख, बाटली, दुकानदाराची सही. सगळ्या नोंदी एकाच निळ्याकाळ्या शाईत, फक्त एक पेन्सिलीने. आजोबा बँकेत हेडक्लार्क. घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. आणि हे परमिट!

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक जॉबर (गिरणीतले मुकादम) राहायचे. त्यांना म्हणे महिन्यातून एकदा तरी पोलीस पकडून न्यायचे. गुन्हा काय, तर तोंडाला वास. बाबा सांगतात, त्यांची बायको जिन्याखाली बसून वाट बघायची आणि आजी तिला वर चहाला बोलवायची. एकच चाळ, एकच जिना. दुसऱ्या मजल्यावर सरकारी शिक्क्याची बाटली आणि तळमजल्यावर फौजदाराची काठी.

थोडी पार्श्वभूमी. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. एप्रिल १९५०पासून पूर्ण मुंबई राज्यात (तेव्हा आजचा बराचसा गुजरातही यात) संपूर्ण दारूबंदी. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. त्याआधी १ ऑगस्ट १९३९ला तेव्हाच्या काँग्रेस सरकारातले मंत्री डॉ. गिल्डर यांनी मुंबई शहरात एकदा करून बघितली होती. भरपाई म्हणून मालमत्तेवर १० टक्के कर लावला, काही महिन्यांत मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि प्रकरण बारगळलं. घटनेतही अनुच्छेद ४७ आला, राज्याने दारूबंदीसाठी झटावं म्हणून.

मुद्दा असा. इंग्रज गेले आणि नव्या सरकारने देशाबरोबर माणूसही घडवायला घेतला. हेतूबद्दल शंका नाही. पण घडले ते दोन प्रकारचे नागरिक: परमिटवाले आणि पकडले जाणारे. कायदा तर एवढा कडक की दारूची तारीफ करणंही गुन्हा होता. पिणं सोडा, ‘पिऊन बघा, छान असते’ असं जाहीर सुचवायचीही सोय नव्हती. आणि त्याच कायद्यात परदेशी पाहुण्यांना परमिट, वकिलातींना परमिट, लष्कराच्या मेसला सूट, तब्येतीसाठी डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट. आजोबांचं हे तब्येतीवालंच असणार.

नीती कायद्याने शिकवता येते का? माझं मत, नाही. मतभेद येऊ द्यात.

एकओळी

वाचतोय. शिक्क्याचा फोटो टाका की राव, नाव झाकून.

सोपानराव

पागोळी, लेख चुरचुरीत आहे, पण निष्कर्ष आजोबांच्या ट्रंकेएवढाच मोठा आहे.

पहिली गोष्ट, दारूबंदी मोरारजींच्या डोक्यातून निघाली नाही. १८८०मध्ये जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा शहरात वाढणाऱ्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली होती. १९०८मध्ये टिळकांच्या लोकांनी पुण्यात गुत्त्यांपुढे निदर्शनं केली. फुले आणि टिळक एका बाजूला सापडतील असे विषय महाराष्ट्रात किती? १९३०मध्ये गावोगावच्या बायका गुत्त्यांपुढे उभ्या राहिल्या, लाठ्या खाल्ल्या. इंग्रज सरकारची तिजोरी आबकारीवर भरत होती. गरिबाला पाजायचं आणि त्याच पैशात त्याच्यावर राज्य करायचं, असा हिशोब. ज्यांनी वीस वर्षं ‘हा पैसा पापाचा’ म्हणून सांगितलं, त्यांनी सत्तेवर आल्यावर तोच पैसा मोजत बसायला हवं होतं का?

दुसरी गोष्ट. याच खेर मंत्रिमंडळाच्या काळात आणखी काय काय झालं बघा. १९४६चा हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा. १९४७चा हरिजन मंदिर प्रवेश कायदा. १९४९चाच बहिष्कृती प्रतिबंधक कायदा, म्हणजे जातपंचायतीने वाळीत टाकायचं नाही. हे सगळे नीतीचेच कायदे आहेत. दुसरी बायको करायची नाही हेही सरकारनेच शिकवलं ना? नरसू अप्पा माळी खटल्यात १९५१ला हायकोर्टात वाद झाला तो असा की फक्त हिंदूंनाच का, आमच्या धर्मात हे चालतं. न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकरांनी सांगितलं, सुधारणा टप्प्याटप्प्याने करायचा सरकारला अधिकार आहे. तेव्हा कुणी ‘नीती कायद्याने शिकवता येत नाही’ म्हणालं असतं, तर तुम्ही त्याला सनातनी म्हणाला असतात.

म्हणजे तुमचा आक्षेप नीतीच्या कायद्याला नाही. जो कायदा तुमच्या घरापर्यंत आला त्याला आहे.

पागोळी

@सोपानराव, शेवटचं वाक्य जरा लागलं. पण उत्तर आहे.

दुसरं लग्न केलं की पहिल्या बायकोचं नुकसान होतं. देवळाबाहेर उभं केलं की माणसाचा अपमान होतो. वाळीत टाकलं की अख्खं घर मरतं. या तिन्हींत समोर कुणीतरी आहे, ज्याच्या बाजूने कायदा उभा राहतो. संध्याकाळी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने, एक पेग घेणाऱ्या माणसाने कुणाचं काय घेतलं? हेच बलसारा खटल्यात विचारलं गेलं. मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी हायकोर्टात अर्ज केला होता की मला व्हिस्की, ब्रँडी, बीअर, औषधी वाईन आणि हो, ओ डी कोलोनसुद्धा बाळगू द्या आणि वापरू द्या. यादी वाचताना हसू येतं, पण ओ डी कोलोन त्यात घालावं लागलं यातच त्या कायद्याचं सगळं आलं.

वैनगंगा

दादा, "कुणाचं काय घेतलं" हे तुम्ही गिरगावातून विचारताय म्हणून विचारू शकताय.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. २०१५ला जिल्ह्यात दारू बंद होण्याच्याही आधीची गोष्ट. आमच्या गावात देशीचं दुकान शाळेच्या वाटेवर होतं. मजुरीचे पैसे शनिवारी मिळायचे, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी बायका दुकानाच्या अलीकडच्या वळणावर उभ्या राहायच्या. भांडायला नाही. नवरा आत जायच्या आधी निदान तेला-मिठाचे पैसे हातात पडावेत म्हणून. माझी आई उभी राहिली आहे. मी तिच्या पदराला धरून उभी राहिले आहे. तुमच्या त्या एक पेगवाल्या गृहस्थाने काही घेतलं नसेल. आमच्याकडे तो माणूस नव्हताच.

मग मतदान झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गावातल्या एक चतुर्थांश बायकांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ऐकायला सोपं वाटतं. पण बहुमत झालेल्या मतांचं नाही लागत. मतदारयादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडल्या पाहिजेत. आणि यादीत कोण? मेलेल्या म्हाताऱ्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या पोरी, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या अर्ध्या वस्तीच्या बायका. त्या सगळ्या न येताच दुकानदाराच्या बाजूने मोजल्या गेल्या असं समजा. आम्ही दोन दिवस यादी घेऊन घरोघर फिरलो. एका घरातली सासू खाटेवर होती, तिला चौघींनी खाटेसकट आणली. शिक्का कुठे मारायचा हे विसरू नये म्हणून वाटभर आम्ही तिला म्हणत होतो, "पडलेली बाटली, आजी, पडलेली."

जिंकलो. दुकान गेलं. महिनाभर गावात रात्री आवाज नव्हता.

नंतर मागच्या दाराने विकायला लागले तेही सांगते, लपवत नाही. पण मागच्या दाराने विकणाऱ्याला ठाण्यात खेचायला माझ्याकडे कायद्याचं कलम होतं. आधी नुसता पदर होता.

घटनाबाह्य

पेशाने वकील, त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो.

बलसारा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मे १९५१मध्ये कायदा जवळपास पूर्ण टिकवला. जे उडालं ते मजेशीर आहे. औषधं आणि प्रसाधनं, ज्यांत अल्कोहोल असतं, त्यांच्यावरची बंदी गेली. म्हणजे ओ डी कोलोन सुटलं. आणि दारूची तारीफ करायची नाही हे कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली गेलं. थोडक्यात, दारूबद्दल चांगलं बोलायला मोकळीक, फक्त प्यायची नाही. आपण सगळे इथे तेच करतोय.

आता पागोळींच्या जॉबरांची गोष्ट. "तोंडाला वास" ही नुसती चाळीतली दंतकथा नाही, तो कोर्टातला खरा प्रश्न होता. १९५४चा पेसीकाका खटला. आरोपी कोण, तर मुंबईचे प्रादेशिक परिवहन अधिकारी! कुलाब्याला त्यांच्या जीपने काही लोकांना धडक दिली, तोंडाला दारूचा वास आला. त्यांचं म्हणणं, मी अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. बलसारा निकालाने औषधातलं अल्कोहोल सुटलेलं. मग हा वास व्हिस्कीचा की टॉनिकचा हे कुणी सिद्ध करायचं? हायकोर्टात शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टाने सोडलं. बहुमत म्हणालं, सरकारने सिद्ध करायचं.

पुढे काय व्हावं? काही वर्षांत कायद्यातच दुरुस्ती आली. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल सापडलं की ते औषधाचं होतं हे आरोपीने सिद्ध करायचं. फौजदारी कायद्यात सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो. इथे नीती सिद्ध होईना म्हणून पुराव्याचा नियम उलटा केला. वैनगंगाताई, तुमच्या वळणावरच्या बायकांबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. पण असा उलटा केलेला नियम परत सुलटा होत नाही, आणि तो पहिल्यांदा अधिकाऱ्यावर नाही, तळमजल्यावरच्या माणसावर चालतो. परिवहन अधिकाऱ्याला सुप्रीम कोर्टापर्यंत जाता आलं. जॉबर दंड भरून घरी आला असेल.

सोपानराव

वकीलसाहेब, हा मुद्दा मान्य. पण हा अंमलबजावणीतला दोष झाला. खून करणारे श्रीमंत सुटतात म्हणून खुनाचं कलम काढा असं कुणी म्हणत नाही.

केळव्याचा माड

सगळे व्हिस्की आणि देशीवर बोलताय. माडाबद्दल कुणी बोलेल का?

आम्ही भंडारी. पणजोबा माडावर चढायचे, कमरेला कोयता आणि मडकं. त्यांच्या दृष्टीने मोरारजी हे या गोष्टीतलं दुसरं संकट. पहिलं १८७८चा आबकारी कायदा. इंग्रजांनी झाडांवर कर बसवला, ज्या झाडाची माडी काढायची त्यावर खूण. स्वतःच्या वाडीतला, स्वतःच्या हाताने लावलेला माड छेदायला परवाना. गावागावातल्या भट्ट्या बंद करून मोहाची दारू उरणला मोठ्या डिस्टिलऱ्यांत गाळायची, म्हणजे कर गोळा करायला एक फाटक पुरतं. १८९२मध्ये तर ठाणे-कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांकडे मोहाची फुलं बाळगण्यावरच कायदा आला. फुलं, हो. झाडाखाली पडलेली.

मग स्वराज्य आलं. इंग्रजाला कर हवा होता म्हणून त्याने माडी महाग केली. काँग्रेसला नीती हवी होती म्हणून तिने ती बंद केली. आमच्या पणजोबांसाठी दोन्हीचा अर्थ एकच होता, वर चढू नकोस. पर्याय म्हणून सांगितलं, नीरा विका. उत्तम. पहाटे काढलेली नीरा उन्हं वर येईपर्यंत विकली नाही तर ती आपोआप माडी होते, आणि मग तोच माणूस गुन्हेगार. सूर्य उगवला की कलम लागतं असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

म्हणून पागोळी, तुमचं "दोन प्रकारचे नागरिक" हे कमी आहे. परमिटवाला, पकडला जाणारा, आणि ज्याचा पिढीजात धंदाच पाप ठरला तो.

घटनाबाह्य

माडसाहेब, तुमचा मुद्दा संविधान सभेत मांडला गेला होता, १९४८च्या नोव्हेंबरात. आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा उभे राहिले आणि म्हणाले की आदिवासींच्या धर्मविधीत तांदळाची दारू असते, आणि संथाळाला ती मिळाली नाही तर बंगालातली भाताची लावणी व्हायची नाही. आणि दुसरा विरोध आपल्याकडचा: कोल्हापूरचे बाळासाहेब खर्डेकर. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे तेच. व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने ते उघड दारूबंदीच्या विरोधात बोलले. त्या सभागृहात, त्या वर्षी, हे बोलायला छाती लागत असणार.

आंबेडकरांनी उत्तर दिलं ते त्यांच्या खास पद्धतीने. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, बंधन नाही, कधी आणि कसं करायचं ते राज्यांनी ठरवावं. आणि आदिवासी भागांसाठी सल्लागार मंडळांची सोय आपण केलीच आहे.

तिठा

अवांतर: आमच्या सिंधुदुर्गात या कायद्याला एकच नाव आहे, ‘गोवा बनावटीची दारू’. रोजच्या पेपरात एक तरी बातमी. इन्सुली नाक्यावर टेम्पो अडवला, वर काजूची टरफलं, खाली खोके. पलीकडे सातार्ड्याचा पूल ओलांडला की तीच बाटली सभ्य गृहस्थ. नीतीची हद्द नदीच्या मधोमध असते हे आम्हाला पोरवयातच कळतं.

मु. पो. बडोदे

तिठा, या इकडे, गंमत दाखवतो.

१ मे १९६०ला दोन राज्यं झाली तेव्हा दोघांच्याही वाट्याला हाच कायदा आला, शब्द न् शब्द. जुळी भावंडं. गुजरातने गांधीजींचं राज्य म्हणून तो घट्ट धरला. महाराष्ट्राने वसंतराव नाईकांच्या काळात सैल केला, आणि १९७३ला देशी दारूचे नियम करून दुकानंच उघडली. पण गंमत अशी की महाराष्ट्राने कायदा रद्द केला नाही! आजही नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमच. ज्या कायद्याच्या नावात बंदी आहे त्याच कायद्याखाली दुकानांना लायसन मिळतं. आणि पिणाऱ्याला अजून परमिट लागतं: एक दिवसाचं, देशीला २ रुपये, विदेशीला ५. वर्षाचं १००, आयुष्यभराचं १०००. तुमच्या गावोगावच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते त्याच परमिटचं. बसणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात ते असतं?

इकडे आमच्याकडे ज्यांना परवडतं ते शनिवारी दमणला, नाहीतर अबूला. नाहीतर तब्येतीचं परमिट. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे, बाकावर हद्द रंगवलेली. त्या बाकाच्या कुठल्या टोकावर बसायचं यावर तुमची नीती ठरते. आणि २०२३च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत कंपन्यांच्या लोकांसाठी सूट दिली. पागोळींचा मुद्दा पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा खरा: परदेशी गुंतवणूक यायची असेल तर नीतीचं बघता येतं.

तरीही सांगतो, मी बंदी उठवा म्हणणार नाही. माझी मुलगी रात्री अकराला स्कूटीवर एकटी येते. कारण हेच की दुसरं काही, सांगता येत नाही. पण आमच्या घरात यावर मतदान घेतलं तर बाटली आडवीच पडेल.

एकओळी

गुजरातमध्ये हातभट्टीने माणसं मरतात त्याचं काय? २०२२ला बोटादकडे ४०च्या वर गेली.

वैनगंगा

@एकओळी, मुंबईतल्या मालवणीला २०१५मध्ये १००च्या वर गेली. तिथे दुकानं बंद होती का तेव्हा? विषारी दारू स्वस्त असते म्हणून माणूस ती पितो. शेजारी परमिट रूम असली तरी पितो.

पागोळी

वैनगंगाताई, तुमचा पहिला प्रतिसाद मी तीनदा वाचला. "समोर कुणीतरी आहे ज्याच्या बाजूने कायदा उभा राहतो" हे मीच लिहिलं होतं, आणि ते कुणीतरी त्या वळणावर उभं होतं हे मी धरलंच नव्हतं. तेवढं मागे घेतो.

पण एक फरक अजून मांडतो. तुमची आडवी बाटली आणि मोरारजींची बंदी या एकच गोष्टी आहेत का? तुमच्याकडे गावातल्या बायकांनी एक दुकान बंद केलं. त्यांनी कुणाच्या तोंडाचा वास घेतला नाही, कुणाचं रक्त तपासायला नेलं नाही. १९४९च्या कायद्याने दुकानही बंद केलं आणि पिणाऱ्यालाही गुन्हेगार केलं. जॉबरांना काठी बसायची तेव्हा त्यांच्या बायकोला त्याचा काय फायदा झाला? दंड घरातूनच गेला असणार. मुंबईभर काळा गूळ आणि नवसागर घालून रसायन लावलं जात होतं, ट्यूबांतून गावठी फिरत होती, धारावी-अँटॉप हिलच्या बाजूला याच धंद्यावर पुढचे दादा मोठे झाले. वरदराजन मुदलियार हे त्यातलं सगळ्यांत ठळक नाव. हे सगळं त्या बाईच्या नावाने झालं आणि तिला कुणी विचारलं नाही.

सोपानराव

आता कसं बोललात. म्हणजे विक्रेत्यावर कायदा चालेल, पिणाऱ्यावर नको. हे ‘नीती कायद्याने शिकवता येत नाही’पेक्षा बरंच वेगळं आहे, नोंद घ्यावी. :)

एक भर. राजाजींनी मद्रास प्रांतात १९३७ला सेलमपासून दारूबंदी सुरू केली, आणि ते उत्पन्न भरून काढायला १९३९ला विक्रीकर आणला. दारूबंदी अनेक ठिकाणी गेली, विक्रीकर मात्र नाव बदलून का होईना, राहिलाच. आणि आज महाराष्ट्राला दारूवर मिळणारा महसूल बघा. म्हणजे दारूचाही कर आणि दारूऐवजी आणलेलाही कर. हे फुल्यांना दाखवायला हवं होतं.

केळव्याचा माड

फुल्यांचं सोडा, मोहाच्या फुलांवरची बंधनं महाराष्ट्राने २०२१मध्ये काढली. १८९२ ते २०२१. त्यात स्वराज्य केव्हा आलं ते फुलांना कळलं नसेल.

वैनगंगा

@पागोळी, फरक बरोबर आहे, पण अर्धाच. आमचा जिल्हा २०१५ला बंद झाला तेव्हा आम्ही बायका चिमूरपासून नागपूरपर्यंत पायी गेलेल्या होतो. २०२१ला बंदी उठवली तेव्हा आम्हाला मतपत्रिका दिली नाही. समितीचा अहवाल आला, मंत्रिमंडळाने ठरवलं, झालं. गुन्हे वाढले, महसूल बुडाला, नकली दारू आली, अशी कारणं. खोटी नव्हती. पण आणताना वीस गोष्टी सिद्ध करायला लावल्या आणि काढताना दुपारच्या एका बैठकीत काढली. बंदी सरकारची होती म्हणून सरकार घेऊन गेलं. गावचं दुकान मात्र आमच्या मतांनी गेलं होतं, ते अजून परत आलेलं नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. आजोबांचं परमिट तब्येतीचं होतं हे तुम्ही कागद वाचून लिहिलंत की अंदाजाने?

घटनाबाह्य

चांगला प्रश्न. शिक्क्याजवळ कलम लिहिलेलं असेल. ४०-अ असेल तर तब्येतीचं. ४०-ब असेल तर तातडीचं, म्हणजे घरात आजारपणाला असावी म्हणून कुटुंबप्रमुखाच्या नावाने. त्या कलमात तातडीच्या औषधांची यादी आहे: ब्रँडी, रम किंवा शँपेन. शँपेन कुठल्या तातडीला लागते हे मला वकिलीच्या इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

पागोळी

अंदाजाने लिहिलं होतं. आत्ता भिंग लावून बघितलं. ४०-ब आहे. नोंदी सगळ्या ब्रँडीच्या, आणि सलग नाहीतच. मध्ये दोन-दोन वर्षांची अंतरं आहेत. हे मी आधी बघायला हवं होतं.

आत्याला फोन केला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, आजोबा कुठले पितात. ती आईच्या बाळंतपणाची. दोन चमचे गरम पाण्यातून द्यायची सुईण. तारखा बघ, आमचे वाढदिवस सापडतील." सापडले. आत्याचा, धाकट्या काकांचा, आणि एक तारीख अशी की त्या सालचं आमच्या घरात कुणीच नाही. त्याबद्दल विचारलं तर आत्या म्हणाली, नंतर सांगते.

ती पेन्सिलीची नोंद कसली म्हणून विचारलं. ती बाटली म्हणे आजीने तळमजल्यावर दिली होती. जॉबरांच्या बायकोला. तिच्या नावावर कुठलं परमिट!

म्हणजे गुन्हा झालाच की आमच्या घरात. वकीलसाहेब, कलम कोणतं लागतं?

घटनाबाह्य

परमिटची बाटली दुसऱ्याला देणं, हो, लागतं. पण आजींचं वय सांगून मुदत संपल्याचा बचाव घेता येईल. फी नको, फोटो टाका.